जाडजूड शाकाहारी पुस्तक घरात आहे ना, मग भाज्या अशा शिका

बऱ्याच घरांत शाकाहारी पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक असतं, लग्नात कुणीतरी दिलेलं किंवा आईकडून आलेलं, आणि ते उघडतं कधी तर दिवाळीत चकलीच्या भाजणीचं प्रमाण बघायला. भाज्यांच्या पानांवर एक डाग नसतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण रोज दोन वेळा आपण खातो ती भाजीच.

तर पहिली गोष्ट, असं पुस्तक रेसिपी-रेसिपी करून वाचायचं नाही, भाजी धरून वाचायचं. म्हणजे समजा बाजारातून दुधी आणलाय, तर अनुक्रमणिका किंवा मागची सूची काढून दुधीचं जे जे काही आहे ते सगळं आधी वाचून काढा, मूगडाळ घालून भाजी, कोफ्ते, रायतं, थालीपीठ, हलवा, सालांची चटणी, सगळं. मग लक्षात येतं की मसाले प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत पण काही गोष्टी सारख्याच येतायत: कोवळा बघून घ्या, चव घेऊन बघा आणि कडू लागला तर टाकूनच द्या (हे अगदी गंभीरपणे घ्या, कडू दुधीने माणूस खरंच आजारी पडतो), पाणी घालू नका किंवा अगदी थोडं घाला. हे जे सारखं येतं ना तेच शिकायचंय, मसाला काय कधीही बदलता येतो. पुढचा आठवडाभर दुधीच दोन-तीन तऱ्हांनी करा, मग पुढची भाजी.

माप. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, त्यात वाटी-चमच्याचं माप होतं म्हणून नवशिक्यांना सुद्धा त्यावरून करता यायला लागलं. पण तुमची वाटी आणि पुस्तकातली वाटी एकच असेल असं नाही, म्हणून घरातली एकच वाटी आणि एकच चमचा ठरवून ठेवा आणि कायम तेच वापरा. ‘मीठ चवीनुसार’ वाचून गोंधळायला होत असेल तर पाव किलो चिरलेल्या भाजीला अर्धा लहान चमचा इथून सुरुवात करा. पालेभाजीला मात्र मीठ शेवटी, पाला बसून मूठभर होतो आणि आधी ढीग बघून घातलेलं मीठ मग खारट होतं.

आता पाणी, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बहुतेक भाज्या बिघडतात त्या पाण्यामुळेच. दुधी, पडवळ, दोडका यांच्यात मुळातच इतकं पाणी असतं की वरून घातलं की भाजी पाणचट झालीच. पुस्तकात ‘झाकणावर पाणी ठेवून वाफ आणावी’ लिहिलेलं असतं आणि आपण ते सोडून देतो, पण त्याला कारण आहे, वरच्या पाण्याने झाकण थंड राहतं, आतली वाफ त्याला लागून परत थेंब होऊन भाजीत पडते, म्हणजे भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते आणि खाली लागत नाही, शिवाय लागलंच तर झाकणातलं गरम पाणी घालायला हाताशी असतं. गार पाणी ओतून शिजणं थांबवू नका.

भेंडीचं बरोबर उलटं. धुऊन, अगदी कोरडी पुसून मगच चिरा, कढई मोठी घ्या, झाकण ठेवू नका, मीठ शेवटी, कारण पाणी मिळालं की तिचा चिकटपणा सुटतो आणि मीठ पाणी सोडायला लावतं. दोन आमसुलं किंवा थोडं लिंबू घातलं की तार कमी होते. आणि छोट्या कढईत अर्धा किलो कोंबली तर ती परतली जात नाही, वाफवली जाते, हे कोबीला, बटाट्याच्या काचऱ्यांना, सगळ्याच परतायच्या भाज्यांना लागू आहे.

आंबट कधी घालायचं हेही पुस्तकात क्रमाने दिलेलं असतं, तो क्रम मोडू नका. चिंच, टोमॅटो आधी घातले तर बटाटा, सुरण, गवार लवकर मऊ होत नाहीत, म्हणून फोड बोटाने दाबली जाईल इतकी शिजली की मग चिंच-गूळ, गोडा मसाला. हिरव्या भाज्यांचा रंगही आंबटाने आणि फार वेळ शिजवल्याने मळकट होतो. रंगासाठी चिमूटभर सोडा घालायचा सल्ला दिसला तर माझं ऐका आणि घालू नका, हिरवं राहतं खरं पण भाजी गिचका होते आणि जीवनसत्त्वंही जातात. फरसबी, मटार यांना उघड्या भांड्यात, भरपूर उकळत्या पाण्यात थोडा वेळ शिजवा, बास.

अळू मात्र अपवाद, तिथे आंबट हवंच, नाहीतर घसा खाजतो. पावसाळ्यात ठाणे-पालघरकडे शेवळं ही रानभाजी मिळते, तिच्यात त्याचसाठी काकडं (आंबट रानफळं) घालतात. अशा भाज्यांना पुस्तकातला एकही घटक गाळू नका, बाकी ठिकाणी हवे ते बदल करा.

पेन्सिल घेऊनच स्वयंपाक करा. समासात लिहा, कुठली कढई, गॅस किती, किती मिनिटं लागली, तिखट कमी हवं होतं का. पुस्तकातली ‘दहा मिनिटं’ ही लिहिणाऱ्याच्या शेगडीवरची असतात, तुमच्या इंडक्शनवर सात लागतील.

परदेशात असाल आणि पडवळ-दोडका मिळत नसेल तर भाजी कशी वागते ते बघून कृती निवडा: झुकिनीला दोडक्याची कृती, ब्रसेल्स स्प्राउट्सना कोबीची, केलला मात्र जून पाल्यासारखं, देठ काढून बारीक चिरून थोडी जास्त वाफ आणि वरून लसणीची फोडणी.