व्हिक्टोरियन क्रिकेटपटूंची जुनी छापील चित्रे कशी जमवावीत

व्हिक्टोरियाकालीन क्रिकेटपटूंची मूळ छापील चित्रे जमवू इच्छिणाऱ्याने आरंभ लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकापासून करावा. १८६८ साली सुरू झालेल्या या साप्ताहिकात नामवंतांची रंगीत अर्कचित्रे येत. इंग्लंडचे विख्यात फलंदाज डब्ल्यू. जी. ग्रेस (जून १८७७), ऑस्ट्रेलियाचा तेज गोलंदाज स्पॉफर्थ (जुलै १८७८) आणि ससेक्सकडून खेळणारे रणजितसिंहजी (ऑगस्ट १८९७) ही तिन्ही चित्रे ‘स्पाय’ या नावाने सही करणाऱ्या लेस्ली वॉर्ड यांची आहेत.

याच चित्रांच्या, विशेषतः ग्रेसच्या, आधुनिक नकला बाजारात सर्रास मिळतात. म्हणून दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असल्याशिवाय पैसे मोजू नयेत. ही चित्रे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेली असल्यामुळे भिंगाखाली रंगाचे कण अनियमित, खडूच्या रेघेसारखे विखुरलेले दिसतात आणि रंगांच्या कडा क्वचित सरकलेल्या आढळतात. आजच्या ऑफसेट छपाईयंत्रावर काढलेल्या नकलेत मात्र बारीक ठिपके ठरावीक अंतराने, जाळीसारखे मांडलेले असतात. रवि वर्मा छापखान्याची जुनी चित्रे ज्यांनी भिंगातून पाहिली आहेत, त्यांना हा फरक पटकन उमगेल, कारण तंत्र तेच आहे.

त्याआधीच्या पिढीसाठी इंग्रज चित्रकार जॉन कॉर्बेट अँडरसन यांची १८५० च्या दशकातील शिळाछापे (दगडावरून छापलेली चित्रे) शोधावी लागतात. ती दुर्मीळ व महाग आहेत. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या सचित्र साप्ताहिकामधील लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे त्या मानाने स्वस्त पडतात. त्यांच्या पाठीमागे बातम्यांचा मजकूर असेल तर ती अंकातूनच काढली असल्याची खूण समजावी. त्या काळी काळ्या शाईत छापलेली ही पाने पुढे अनेक विक्रेत्यांनी हाताने रंगवली. माझ्या मते रंग न दिलेले पानच घ्यावे, मग ते भिंतीवर थोडे फिके का दिसेना.

किंमत ठरवताना खेळाडूच्या नावाइतकेच महत्त्व समासाला द्यावे. चौकटीत बसवण्यासाठी कडा कापलेल्या असल्या, तर अनेकदा तारीख किंवा मुद्रकाची ओळही त्यांबरोबर जाते. त्यामुळे चित्र चौकटीबाहेर काढून दाखवण्याचा आग्रह धरावा आणि दुरून खरेदी करताना मागील बाजूचे छायाचित्र मागवावे. हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्यामुळे कडेने उमटलेली तपकिरी रेघ सहसा पुरती जात नाही.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत कागदावर तांबूस डाग पडतात. म्हणून चित्र आम्लरहित पुठ्ठ्यावर ठेवावे, काच कागदाला टेकू देऊ नये आणि चौकट बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा थेट उन्हात लावू नये. फ्रेमवाल्याला चित्र हार्डबोर्डवर डिंकाने चिकटवू नये असे आधीच, शक्यतो लिहून, सांगावे. सांगितले नाही तर तो ते मोठ्या आपुलकीने चिकटवून देतो.