अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजचा अर्ज : या चुका टाळा

"सर, विल्यम्सचा कट-ऑफ कितीला लागतो?"

१ ऑगस्टला कॉमन ॲप, म्हणजे एकच अर्ज अनेक अमेरिकी कॉलेजांना पाठवायची ऑनलाइन सोय, नव्या वर्षासाठी खुलं होतं आणि आठवड्याभरात हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. अकरावीच्या कॅप राउंडमधून गेलेल्या घराला तो पडणं साहजिक आहे. पण विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना, ग्रिनेल, बोडन या लिबरल आर्ट्स कॉलेजांकडे कट-ऑफ नसतो आणि मेरिट लिस्टही लागत नाही. तिथे माणसं अख्खा अर्ज वाचतात. चार वर्षांचे गुण, शिक्षकांची पत्रं, निबंध, तुम्ही शाळेबाहेर काय करता, तुमची शाळा कशी आहे, सगळं. स्वार्थमोर आणि पोमोनात अलीकडे शंभर अर्जांमागे दहाहून कमी जणांना प्रवेश मिळतो, आणि राहून गेलेल्यांत पंच्याण्णव टक्केवालेही पुष्कळ असतात. गेली काही वर्षं मी मुलांच्या शेजारी बसून असे अर्ज बघतो आहे. उणीव गुणांत क्वचितच असते. अर्ज वाचून त्या मुलाचा चेहराच डोळ्यांसमोर येत नाही, ही खरी अडचण असते.

'आर्ट्स' म्हणजे कला शाखा नव्हे

ही समजूत घरात आधी दूर करा, कारण पालकांचा अर्धा विरोध त्या एका शब्दाला असतो. या कॉलेजांत गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, संगणक सगळं शिकवतात. स्वार्थमोरला तर इंजिनिअरिंगची पदवीही आहे. फरक असा, की मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा असतो आणि तोवर बरंच काही चाखून बघायचं असतं. विल्यम्समध्ये सगळी मिळून दोन हजारांच्या आसपास मुलं आहेत. आपल्याकडच्या मोठ्या ज्युनिअर कॉलेजच्या एका वर्षात तेवढी असतात.

कोणतं कॉलेज कशाला महत्त्व देतं हे एजंटला विचारू नका. 'कॉमन डेटा सेट' हा दस्तऐवज बहुतेक कॉलेजं दरवर्षी स्वतः प्रसिद्ध करतात. त्यात सी-७ नावाचा तक्ता असतो. गुण, विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारसपत्रं, कॉलेजबद्दल दाखवलेली उत्सुकता, अशा प्रत्येक गोष्टीपुढे ती 'अतिमहत्त्वाची' आहे की 'विचारात घेतली जात नाही', ते लिहिलेलं असतं. अर्धा तास द्या, पुष्कळ गैरसमज गळून पडतील.

चार वर्षांची नोंद, दोन ठिकाणी विभागलेली

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची सगळ्यात मोठी अडचण इथे आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

कॉलेजांना नववी ते बारावीची नोंद हवी असते. आपली नववी-दहावी एका शाळेत होते आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात. त्यातही 'इंटिग्रेटेड' असेल तर मुलगा दिवसभर क्लासमध्ये, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला. मग शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकाला त्याचा चेहराही आठवत नाही. डिसेंबरमध्ये पत्र मागायला गेलं की हातात पडतं ते चारित्र्याच्या दाखल्याचं भाषांतर : हुशार, प्रामाणिक, आज्ञाधारक. ते पत्र वाचणाऱ्याला काहीही सांगत नाही.

यावर उपाय आहे, पण तो अकरावीच्या जूनपासून करावा लागतो. दोन शिक्षक निवडा आणि त्यांच्या तासाला खरोखर बसा. प्रश्न विचारा, चुकलेलं गणित पुन्हा सोडवून दाखवा. बारावीच्या जुलैत त्यांना भेटून पानभर टिपण द्या. त्यात स्वतःची स्तुती नको, घडलेले प्रसंग हवेत. कोणता प्रयोग फसला, तुम्ही तो पुन्हा कसा केला, वर्गात कशावरून वाद झाला. शिक्षकांना आठवायला तेवढं पुरतं.

नववीची गुणपत्रिका जुन्या शाळेतून आत्ताच आणा, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घेऊन. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं ऑफिस बंद असतं, आणि अर्ली डिसिजनची (एकाच कॉलेजला बांधील राहून लवकर करायच्या अर्जाची) पहिली मुदत नेमकी १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते.

काउन्सेलर, म्हणजे अर्जासाठी मार्गदर्शन करणारा शाळेतला माणूस, आपल्याकडे बहुधा नसतोच. ते काम प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक करू शकतात. त्यांच्याकडून 'स्कूल प्रोफाइल' मात्र जरूर करून घ्या. एकच पान लागतं : कोणतं बोर्ड, वर्गात किती मुलं, कोणते विषय निवडता येतात, किती जणांना नव्वदच्या वर पडतात. आमच्याकडे एपी किंवा ऑनर्सचे (अमेरिकी शाळांतले वरच्या पातळीचे) विषय शिकवले जात नाहीत, हे वाक्य त्यात हवंच. वाचणारा तुमची तुलना तुमच्या शाळेत जे मिळू शकत होतं त्याच्याशी करतो. तिथे काय मिळतं हे त्याला कुणीतरी सांगायला हवं ना?

गुणांचं जीपीएत (अमेरिकी पद्धतीच्या ग्रेडच्या सरासरीत) रूपांतर स्वतः करू नका. गुणपत्रिकेवर जे आहे तेच लिहा. ७८ टक्के म्हणजे आपल्या बोर्डात काय, हे प्रोफाइलवरून त्यांना कळतं.

शिक्षकांच्या नावाचं ई-मेल खातं तुम्ही काढू नका

'सर कॉम्प्युटर वापरत नाहीत, तुम्हीच एक जीमेल काढा आणि पत्र अपलोड करा,' असं सांगणारे सल्लागार मला भेटले आहेत. ही चूक नाही, खोटेपणा आहे. प्रवेश मिळाल्यावरही तो रद्द होतो. २०२४ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात एका भारतीय विद्यार्थ्याने बनावट कागदपत्रांवर पूर्ण शिष्यवृत्ती मिळवल्याचं उघड झालं. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आणि त्याला मायदेशी परतावं लागलं. सरांना ऑनलाइन जमत नसेल तर कॉमन ॲपवर छापील फॉर्म मिळतो. तो त्यांच्या हाताने भरून घ्या, कॉलेजच्या लेटरहेडवरच्या पत्रासह पाठवा, आणि अडचण काय आहे ते प्रवेश कार्यालयाला ई-मेलने कळवा. ते समजून घेतात.

सर्टिफिकेटांची रांग

कॉमन ॲपमध्ये दहा उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. मुलं ती दहाच्या दहा भरायच्या मागे लागतात आणि बारावीच्या सप्टेंबरमध्ये चार ऑनलाइन कोर्स उरकतात.

तासगावजवळच्या गावातली एक मुलगी यादी घेऊन आली होती. वक्तृत्व, एनएसएस, वृक्षारोपण, तीन ऑनलाइन सर्टिफिकेटं. मी विचारलं, "फेब्रुवारीत घरी गेलीस की काय करतेस?" ती सहज म्हणाली, "बेदाण्याचं असतं ना सर." मग हळूहळू कळलं, की शेडवर येणाऱ्या बारा बायकांची हजेरी ती लिहिते, क्रेटचं वजन करून घेते, आठवड्याचा पगार वाटते. रात्री आभाळ भरून आलं की शेडच्या ताडपत्र्या सोडायला वडिलांबरोबर पळते, कारण जाळीवरचे मणी भिजले तर रंग जातो आणि भाव पडतो. आठवीपासून दर हंगामात. यादीत यातलं अक्षरही नव्हतं. का, तर "ते काय ॲक्टिव्हिटी नाही, घरचं काम आहे."

कॉमन ॲपमध्ये कौटुंबिक जबाबदाऱ्या हा स्वतंत्र प्रकार आहे. आम्ही ते काम पहिल्या क्रमांकावर नेलं. आधी तिने 'वडिलांना शेतीत मदत' एवढंच लिहिलं. मी म्हटलं, बारा बायका कुठे गेल्या? शेवटी उतरलं ते असं : 'बेदाणा शेडवर १२ मजुरांची हजेरी आणि पगार, रोज क्रेटचं वजन, अवकाळीत रात्री ताडपत्र्या.' पुढे आठवड्याला किती तास, वर्षात किती आठवडे. तीन सर्टिफिकेटं काढून टाकली, अर्ज लगेच मोकळा झाला.

६५० शब्दांच्या निबंधालाही हेच लागू आहे. सल्लागाराने 'पॉलिश' केलेला निबंध आणि तुमची बाकीची वाक्यं यांचा आवाज जुळत नाही, आणि तो न जुळणं वाचणाऱ्याला ऐकू येतं. 'हेच कॉलेज का' या उत्तरात वेबसाइटची वाक्यं परत पाठवू नका. ॲमहर्स्ट आणि ग्रिनेलमध्ये पहिल्या वर्षाचा एक वर्ग सोडला तर सक्तीचे विषय जवळजवळ नाहीत. त्या मोकळिकीचं तुम्ही काय कराल, कोणते दोन विषय शेजारी ठेवाल, ते लिहा.

एसएटी या अमेरिकी प्रवेश परीक्षेबद्दल थोडक्यात : बोडनने ती १९६९ सालीच ऐच्छिक केली. बाकी कॉलेजांचे नियम बदलत राहतात, त्यामुळे भावाच्या वेळचा नियम धरून चालू नका.

पैशांचं नंतर बघू

वर्षाचा सगळा खर्च आता नव्वद हजार डॉलरच्या आसपास जातो. 'आधी प्रवेश मिळू दे, मग मदत मागू' हा हिशेब इथे अंगाशी येतो. अनेक कॉलेजं परदेशी मुलांनी अर्जासोबत मदत मागितली नसेल तर नंतर देत नाहीत.

ॲमहर्स्ट, आणि २०२२ पासून बोडन, परदेशी अर्जदाराची ऐपत न बघता निवड करतात. विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना निवड करताना ती बघतात, पण ज्याला घेतात त्याची सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवतात. यादी करताना हा फरक समोर ठेवा.

सीएसएस प्रोफाइल, म्हणजे आर्थिक मदतीसाठीचा घरच्या उत्पन्नाचा ऑनलाइन फॉर्म, भरताना शेतीचं उत्पन्न गाळू नका. त्यावर आयकर नसतो, म्हणून ते उत्पन्न नाही असं होत नाही. सामाईक सातबारा, आजीचं औषधपाणी, एका वर्षी द्राक्षबागेवर पडलेला डाऊनी रोग, हे सगळं वेगळ्या पत्रात आकड्यांसकट लिहा. अर्ली डिसिजनचा करार पाल्य, पालक आणि काउन्सेलर तिघांच्या सहीचा असतो. तो बांधील करणारा आहे. मिळणारी मदत खरोखरच अपुरी पडली तरच त्यातून सुटता येतं, म्हणून घरात आकडा बोलून घ्या आणि मगच सही करा.

अर्ज गेला, तरी पोर्टलवर 'कागदपत्र मिळालं नाही' दिसतंय

घाबरू नका, आधी नाव तपासा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि शिक्षकांच्या पत्रात फक्त हाक मारायचं नाव. तिकडे हे तीन वेगळे विद्यार्थी दिसू शकतात. अर्जात पासपोर्टवरचं नाव घाला आणि शिक्षकांनाही तेच लिहून द्या. कागद जुळत नसेल तर जन्मतारीख आणि कॉमन ॲपचा क्रमांक लिहून प्रवेश कार्यालयाला दोन ओळींचा ई-मेल करा. मूळ पत्र सरांकडून पुन्हा मागायला पळू नका. ते बहुधा पोचलेलं असतं, दुसऱ्याच नावाच्या फायलीत.