थेरपीची पहिली अपॉइंटमेंट घेण्याआधी

खाजगी थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताय? फी विचारताना हेही विचारा: सेशन रद्द करायचं तर किती आधी कळवायचं? बऱ्याच ठिकाणी 24 तासांची अट असते, त्यानंतर पूर्ण फी लागते. जुलैमध्ये रुळांवर पाणी भरून लोकल बंद पडली, तर तेच सेशन व्हिडिओवर होईल का, हे आधीच ठरवून घ्या. उशिरा पोचलात तरी सेशन सहसा ठरल्या वेळीच संपतं.

गोपनीयतेबद्दल मात्र नीट बोला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे मोजकेच अपवाद. फी आई-बाबा भरणार असतील तर त्यांना काय सांगितलं जाईल, हे स्पष्ट विचाराच. घर वन रूम किचनचं असेल तर व्हिडिओ सेशनसाठी घरातले बाहेर असतानाची वेळ मागा. यात संकोच अजिबात नको.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा (त्यांची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था, RCI) नोंदणी क्रमांक विचारा. रात्री-अपरात्री थेरपिस्ट फोन उचलतीलच असं नाही. तेव्हासाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, तो 24 तास चालू असतो.