पुण्यात परकीय भाषा शिकणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी संधी कशा शोधाव्यात

पुण्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत जर्मन, फ्रेंच किंवा जपानी घेतलेल्या मुलांना त्याचे कारण विचारले, तर ‘विषय स्कोअरिंग आहे’ हेच उत्तर बहुधा मिळते. त्यात वावगे काही नाही. परंतु बारावीला पंच्याण्णवच्या वर गुण मिळवलेला विद्यार्थी समोर जर्मन पाहुणा उभा राहिल्यावर दोन वाक्यांच्या पुढे जाऊ शकत नाही, तेव्हा गुणपत्रिकेतील भाषा आणि कामाला येणारी भाषा यांत किती अंतर आहे, ते त्याचे त्यालाच कळते. पदवीची तीन किंवा चार वर्षे हे अंतर कापण्यासाठीच असतात. ती कशी वापरावीत, याविषयी या लेखात लिहिले आहे.

आधी पातळी ठरवावी

युरोपीय भाषांची पातळी ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२ अशा सहा चढत्या पायऱ्यांत मोजली जाते, तर जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेत एन५ ही सर्वांत सोपी आणि एन१ ही सर्वांत अवघड पातळी असते. नोकरीचा विचार करायचा, तर युरोपीय भाषांत बी२ आणि जपानीत एन२ या पायरीवर बाजार खऱ्या अर्थाने खुला होतो. त्याच्या खालची प्रमाणपत्रे निरुपयोगी नसतात, पण केवळ त्यांच्या जोरावर भाषेचे काम सहसा मिळत नाही. म्हणूनच पहिल्या वर्षी जर्मन ए१, दुसऱ्या वर्षी स्पॅनिश ए१ आणि तिसऱ्या वर्षी जपानी एन५ असा संग्रह करण्याऐवजी एकच भाषा धरून वर चढत राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळेचा हिशेब अगदी कागदावर मांडावा. जर्मन बी२ गाठण्यासाठी पंचेचाळीस मिनिटांच्या साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात. आठवड्याला सहा घड्याळी तासांचा वर्ग लावला, तर त्याच्या आठ तासिका होतात, आणि वर्षातले चाळीस आठवडे धरले, तर ३२० तासिका भरतात. याचा अर्थ असा की प्रथम वर्षाला मुळाक्षरांपासून सुरुवात करणारा विद्यार्थी मध्ये खंड पडू दिला नाही, तर दोन ते अडीच वर्षांत, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, बी२पर्यंत पोहोचतो. आणि एखादे वर्ष ‘सबमिशन्स आहेत’ म्हणून सोडले, की हा सगळा हिशेब कोलमडतो.

वर्गांसाठी पुण्यात पर्याय पुष्कळ आहेत. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, बोट क्लब रस्त्यावर मॅक्समुल्लर भवन आहे, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेझ आहे, जपानीसाठी टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचा विभाग आहे, आणि सिंबायोसिसचीही भाषांसाठी स्वतंत्र संस्था आहे. विद्यापीठाचा पदविका अभ्यासक्रम व्याकरणाचा पाया पक्का करतो. मात्र परदेशी कंपनी किंवा विद्यापीठ बहुधा आंतरराष्ट्रीय परीक्षेचेच प्रमाणपत्र मागते, म्हणून पदविकेच्या बरोबरीने ती परीक्षाही द्यावी.

परीक्षेला बसण्यापूर्वी तिचे नियम नीट वाचावेत, कारण एकूण गुण पुरेसे असूनही विद्यार्थी नापास होऊ शकतो. जेएलपीटी एन२मध्ये १८०पैकी ९० गुण लागतात, पण त्यासोबत प्रत्येक विभागात ६०पैकी किमान १९ गुण मिळवावे लागतात, आणि श्रवणाच्या विभागात घसरलेले विद्यार्थी तेथेच अडकतात. फ्रेंचच्या डेल्फमध्ये १००पैकी ५० गुण आणि प्रत्येक भागात २५पैकी किमान ५ गुण आवश्यक असतात. जर्मनच्या गोएथे बी१ आणि बी२ परीक्षांचे चारही भाग वेगवेगळे देता येतात, त्यामुळे एका भागात अपयश आले, तर तेवढाच भाग पुन्हा देण्याची सोय असते. जेएलपीटी पुण्यातही जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पण तिचे अर्ज काही महिने आधीच भरावे लागतात. प्रमाणपत्राची मुदतही पाहून ठेवावी: डेल्फ आणि जेएलपीटी यांना मुदत नसते, कोरियन भाषेच्या टोपिकचा निकाल मात्र दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो, म्हणून ती परीक्षा शिक्षण संपण्याच्या सुमारास द्यावी.

आणखी एक गोष्ट. जेएलपीटीमध्ये बोलण्याची परीक्षाच नसते. त्यामुळे एन२ उत्तीर्ण झालेला उमेदवार मुलाखतीत स्वतःची ओळख करून देतानाच अडखळतो, असे दृश्य वारंवार दिसते. वर्गातील एखादा सोबती गाठून रोज वीस मिनिटे केवळ जपानीतच बोलण्याचा परिपाठ ठेवावा. सुरुवातीला हसू येते, पंधरा दिवसांनी येत नाही.

भाषेच्या जोडीला दुसरा विषय

वाणिज्य, अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, विधी किंवा पर्यटन यांपैकी काही शिकत असताना भाषा शिकणाऱ्याला, केवळ भाषा शिकणाऱ्यापेक्षा पुण्यात अधिक दारे खुली असतात. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ यांचे कारखाने आहेत, रांजणगावला एलजी आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला आहे, आणि या मोठ्या नावांच्या मागे सुटे भाग पुरवणाऱ्या जर्मन, जपानी आणि कोरियन कंपन्यांची रांगच्या रांग आहे. तेथे भाषा येणारा माणूस खरेदी, गुणवत्ता किंवा उत्पादन विभागातच हवा असतो. हिंजवडी, खराडी आणि मगरपट्टा येथील कार्यालयांत युरोपातील ग्राहकांची बिले तपासणे, तक्रारी हाताळणे, हिशेब जुळवणे अशी कामे असतात, आणि वाणिज्य शाखेच्या बी२ पातळीच्या विद्यार्थ्यासाठी ती चांगली सुरुवात ठरते.

अर्ज करण्यापूर्वी कामाच्या वेळा मात्र विचाराव्यात. जपानमधील सकाळचे नऊ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, तर जर्मनीतील सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. जर्मन ग्राहकांसोबत काम करणारा माणूस रात्री घरी उशिरा पोहोचतो, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

दुभाषाच्या कामाला विशेष मागणी असते ती परदेशी अभियंते यंत्र बसवायला किंवा कारखान्याच्या तपासणीला येतात तेव्हा. अशी दोन-चार दिवसांची कामे शिक्षकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीतूनच मिळतात, जाहिरातीतून फारशी नाही. म्हणून आपण उपलब्ध असल्याचे शिक्षकांच्या कानावर घालून ठेवावे. बैठकीत शब्दांइतकेच त्यांच्यामागचे वळण कळावे लागते. जपानी पाहुणा ‘केंतो शिमास्’ म्हणतो, तेव्हा शब्दशः अर्थ ‘विचार करतो’ असा होतो, पण बऱ्याचदा तो सभ्य नकार असतो, आणि दुभाषाने ते आपल्या व्यवस्थापकाला नंतर बाजूला घेऊन सांगितले नाही, तर तो होकाराची वाट पाहत बसतो.

भाषांतर: पहिली वही कशी घालावी

माझे पहिले भाषांतर एका यंत्राच्या जर्मन देखभाल-पुस्तिकेचे होते, आणि ते इंग्रजीत करायचे होते. ‘मुटर’ म्हणजे आई हे पहिल्या धड्यातच शिकवलेले असते. पण आकृतीत बोल्टशेजारी तोच शब्द असल्यामुळे तो नट असावा, एवढे मला कळले. ‘श्पील’ या शब्दापाशी मात्र मी फसलो. शब्दकोशातील पहिला अर्थ ‘गेम’ होता आणि मी तो तसाच ठेवला. मसुदा वाचून कारखान्यातील फोरमनने मला जवळ बोलावले आणि बेअरिंग हाताने हलवून दाखवत म्हटले, “अहो, गेम कसला? प्ले आहे, बेअरिंगला प्ले!” प्ले म्हणजे दोन भागांमधली सैल जागा. त्यांना जर्मनचा एक शब्द येत नव्हता, पण अर्थ त्यांनाच माहीत होता.

त्या दिवसापासून मी तीन रकान्यांची वही ठेवतो: मूळ शब्द, त्याचा छापील पर्याय, आणि ती वस्तू रोज हाताळणाऱ्याच्या तोंडचा शब्द. विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षापासूनच आपल्या दुसऱ्या विषयातील अशी वही घालावी. वाणिज्यवाल्याने बिले, करार आणि ताळेबंदातील शब्द जमवावेत, अभियांत्रिकीवाल्याने यंत्रांचे. दोन-तीनशे नोंदी झाल्या, की ती वहीच मुलाखतीत दाखवण्यासारखी होते. साध्या पत्रांचे आणि माहितीपत्रकांचे भाषांतर आता संगणक करून देतो, त्यामुळे नवशिक्याच्या वाट्याला अनेकदा यंत्राने केलेला मसुदा तपासण्याचे काम येते. आणि ‘श्पील’चा ‘गेम’ झालेला पकडण्यासाठी नेमकी हीच वही लागते.

मोबदला ठरवताना दर कशावर आहे, ते लेखी विचारावे. जर्मनमध्ये तीन-चार शब्द जोडून एकच लांबलचक शब्द होतो, त्यामुळे मूळ जर्मन शब्दांवर दर घेतला, तर भाषांतरकाराचे नुकसान होते; तेथे भाषांतरित मजकुराचे शब्द मोजणे किंवा जर्मन प्रथेप्रमाणे ५५ अक्षरखुणांची एक ओळ धरणे योग्य ठरते. जपानीत मूळ मजकुराची अक्षरे मोजतात.

शिष्यवृत्ती आणि परदेशी शिक्षण

पदवीचे शिक्षण चालू असतानाच मिळू शकणाऱ्या काही शिष्यवृत्त्या आहेत, आणि उशिरा कळल्यामुळेच त्या हातच्या जातात. जर्मनीची डाड ही संस्था तेथील विद्यापीठांतील उन्हाळी भाषावर्गांसाठी शिष्यवृत्ती देते. त्यासाठी पदवीची किमान दोन वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि अर्ज आदल्या वर्षीच करावा लागतो. जपान सरकारची ‘जपानी अभ्यास’ ही शिष्यवृत्ती जपानी भाषा किंवा संस्कृती हाच मुख्य विषय असलेल्या पदवी विद्यार्थ्यांसाठी असते आणि तिच्यात सुमारे एक वर्ष तेथील विद्यापीठात राहता येते; वाणिज्य शाखेत राहून फावल्या वेळात जपानी शिकणाऱ्याला ती मिळत नाही, हे ध्यानात घ्यावे. फ्रेंच शिकणाऱ्यांना फ्रान्समधील शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून सुमारे सात महिने काम करण्याची योजना आहे, आणि फ्रेंच सुधारण्यासाठी त्याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही.

जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांनी ‘तेथे फी नाही’ या वाक्यावर विसंबू नये. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते हे खरे. परंतु निर्वाहाची तरतूद म्हणून वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट, ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) भरून दाखवावे लागतात, आणि नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी करणाऱ्या एपीएस या जर्मन कार्यालयाचे प्रमाणपत्रही आवश्यक झाले आहे. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमाला जर्मन लागत नाही, म्हणून ती सोडून देण्याची चूक अनेक जण करतात. तेथे गेल्यावर अर्धवेळ काम आणि पुढे नोकरी शोधताना तीच कमी पडते.

अध्यापनाचा मार्ग ज्यांना घ्यायचा आहे, त्यांनी भाषेतच पदव्युत्तर पदवी घ्यावी. महाविद्यालयात शिकवण्यासाठीची यूजीसी-नेट ही पात्रता परीक्षा जर्मन, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, जपानी, चिनी अशा भाषांतही होते.

शेवटी एक किरकोळ वाटणारी बाब. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे आणि नंतर वडिलांचे नाव छापलेले असते, पासपोर्टवर त्यांची वाटणी वेगळी होते, आणि विद्यार्थी भाषेच्या परीक्षेचा अर्ज भरताना आठवेल तसे नाव लिहितो. पुढे व्हिसाच्या वेळी तीन कागदांवर तीन नावे निघतात आणि प्रतिज्ञापत्रांसाठी धावाधाव सुरू होते. म्हणून दुसऱ्या वर्षातच पासपोर्ट काढून घ्यावा, आणि त्यानंतरचा प्रत्येक परीक्षेचा अर्ज पासपोर्ट समोर ठेवून, त्यातील अक्षरन् अक्षर पाहून भरावा.