गॅदरिंगला कार्टून पुरस्कारांचं नाटक बसवताय? आधी नावं लिहून घ्या

मागच्या जानेवारीत माजलगावकडं एका शाळेत आम्ही ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेवरून नाटुकलं बसवलं, त्यात जे राहिलं ते तुमचं राहू नये म्हणून लिहायलोय. सगळ्यात पहिलं, लिहिणाऱ्या पोरांची नावं. पूर्ण नाव, वर्ग, कागदावर, आणि कागद अनाउन्सरच्या हातात. बाकी सगळं नंतर.

मालिकेतला भाग निवडा ‘द फ्रंट’, १५ एप्रिल १९९३ चा, लेखक अ‍ॅडम लॅपिडस (हे नावसुद्धा स्टेजवरून सांगा). बार्ट-लिसा ही भावंडं ‘इची अँड स्क्रॅची’ या त्यांच्या टीव्हीवरच्या कार्टूनसाठी गोष्ट लिहितात, लहान पोरं म्हणून कुणी मनावर घेत नाही, मग आजोबांचं नाव टाकून पाठवतात तर लगेच पसंत, आजोबांना नोकरी आणि कार्टूनचा पुरस्कारही आजोबांनाच. नामांकनं चारही दाखवा. एकाची क्लिप अजून झालेलीच नसते, एक कार्टून तर खेळणं विकत कसं घ्यायचं एवढंच सांगतं. हे पोरांना आधी समजावा, नाहीतर नुसतं पाठ म्हणतात. आजोबा आपलं कार्टून पहिल्यांदा त्या सोहळ्यातच बघतात आणि मारामारी बघून भडकतात, म्हणून आजोबा करणाऱ्याला तालमीत हसू देऊ नका. धोतर-टोपी घरून मिळते.

आता परत नावं. आमचं सगळं नाटुकलं आठवीतल्या एका पोरीनं लिहिलं होतं, वहीची मधली पानं फाडून, दोन्हीकडून. मी माईकवर म्हणालो, लेखन अमुक सरांचं. तिचे वडील उसाच्या फडावरून एका दिवसासाठी आले होते, पुढच्याच सतरंजीवर बसलेले. पोरगी पडद्यामागं पिना लावत होती, तिथंच थांबली. ज्या गोष्टीवर नाटक, तीच गोष्ट मी तिच्यासोबत केली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी नाव घेतलं, पण तोवर वडील परत गेले होते. म्हणून सांगतोय, तोंडपाठ आहे म्हणू नका, लिहा, आणि ज्याचं नाव त्याच्याकडूनच एकदा तपासून घ्या.

ट्रॉफी पुठ्ठ्याची, वर सोनेरी कागद. साउंडवाल्याला दुपारीच बोलवा. लाईट जाणारच, जनरेटर सांगून ठेवा. सर्टिफिकेटं, चहा, मंडपाचे पैसे, बघा तुमचं तुम्ही.

नावांच्या कागदाच्या दोन प्रती काढा, एक अनाउन्सरकडं, एक तुमच्या खिशात. आणि ज्या पोरानं लिहिलंय त्याच्या घरच्यांना विचारून ठेवा, किती वाजता निघणार ते.