सिम बंद पडलं, खातं रिकामं झालं: पैसे परत कसे मिळवले

आईच्याच नंबरचं दुसरं सिम कोणीतरी काढलं. तिचा फोन मुका झाला आणि ओटीपी चोराकडे गेले. तिने कोणाला काहीच सांगितलं नव्हतं, तरी शाखेत ऐकवलं, "ओटीपी तुम्हीच दिला असणार." या वाक्याचा राग मला आजही येतो.

कारण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगत होतं की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करणं हे बँकेचं काम. चूक तिसऱ्याच कोणाची असेल आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. बँकेने दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची, ९० दिवसांत निकाल लावायचा.

आम्ही लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली, शिक्क्यासकट. तोंडी तक्रारीवर अजिबात विसंबू नका. खरं काम केलं मोबाइल कंपनीच्या पत्राने: नवं सिम सुरू झाल्याची वेळ आणि पैसे गेल्याची वेळ त्यात शेजारी शेजारी दिसत होती. तीस दिवस उलटूनही बँक गप्प, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. त्यानंतर पूर्ण रक्कम जमा झाली.

फसून स्वतःच ओटीपी किंवा पिन दिला, तर मात्र त्याच परिपत्रकानुसार कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच, कळवल्यानंतरचं बँकेचं. मला हे अपुरं वाटतं. चोराचं खातं नीट न तपासता उघडणाऱ्या बँकेलाही जाब विचारायला हवा.