घरी गाणं रेकॉर्ड करताना या चुका टाळा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी महिनाभर आणि पुन्हा आषाढात, कानबाई देवीची गाणी निघायच्या सुमारास, आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या होतकरू गायक-वादकांचे प्रश्न एकदम वाढतात. गाणं अहिराणी, ढोलकी घरची, लॅपटॉप भावाचा, माइक ऑनलाइन मागवलेला. आणि प्रश्न हमखास असा: “भाऊ, आवाज घुमी राहिना, कोणतं प्लगइन टाकू?”

प्लगइन, म्हणजे आवाज सुधारायला सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकू नका. निदान आधी तरी नको. घरच्या रेकॉर्डिंगमधल्या बहुतेक तक्रारी खोली, तारा आणि दोन-चार सेटिंग यांतून येतात. माइक बदलून त्या जात नाहीत, आणि एकदा फायलीत उतरल्या की नंतर धुऊनही निघत नाहीत. म्हणून आवाजात नेमकं काय बिघडलंय ते कानांनी ओळखायचं, मग त्याचं मूळ शोधायचं. खर्चाचा विचार त्यानंतर.

आवाज घुमतो: चूक माइकची नाही, खोलीची आहे

रेकॉर्डिंगसाठी घरातली कोणती खोली निवडली जाते? रिकामी. सामान कमी, येणंजाणं कमी, म्हणून वरच्या मजल्यावरची दहा बाय दहा. खाली शहाबादी फरशी किंवा टाइल्स, चारही बाजूंनी गुळगुळीत प्लास्टर, वर स्लॅब. गाण्यासाठी यापेक्षा वाईट जागा घरात दुसरी नसेल. गळ्यातून निघालेला आवाज भिंतींवर आपटून पुन्हा माइकमध्ये येतो आणि तोच तुम्हाला घुमल्यासारखा ऐकू येतो.

चौरस खोलीचा आणखी एक त्रास असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असेल, तर साधारण 56 हर्ट्झ आणि त्याच्या दुपटी-तिपटीचे, म्हणजे 112 आणि 168 च्या आसपासचे सूर त्या अंतरात फुगतात. भिंतींच्या दोन्ही जोड्या सारख्याच अंतरावर असल्याने फुगवटाही दुहेरी होतो. पुरुषाचा खालचा आवाज नेमका याच पट्ट्यात असतो. एखादाच सूर अचानक ढोलासारखा मोठा येतो आणि गाणारा स्वतःच्या गळ्याला दोष देत बसतो.

अंड्यांचे ट्रे चिकटवायचा उद्योग करू नका. पातळ पुठ्ठा खालचे सूर अजिबात शोषत नाही, वरचेही जेमतेम. पातळ फोमची गत थोडी बरी, पण मधल्या-खालच्या सुरांना तोही पुरत नाही. आवाज शोषायला जाडी आणि वजन लागतं, आणि कापसाच्या मुलखात त्याची काय वानवा? कापसाच्या गाद्या, गोधड्या, रजया बाहेर काढा. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टांगा, कारण माइक ज्या दिशेने ऐकतो ती भिंत गाणाऱ्याच्या पाठीमागची असते. बाजूला एक गादी उभी करा, पायाखाली सतरंजी घाला. खोलीच्या बरोबर मधोमध उभं राहू नका आणि कोपऱ्यातही नको. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर ते उघडं ठेवा, तेही कामाला येतं. त्याहून सोपं म्हणजे रिकामी खोली सोडून धान्याची पोती नि अंथरुणं असलेल्या खोलीत जा.

तपासायची पद्धत अशी: खोलीत उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ असा थरथरता आवाज आला तर अजून गोधड्या लागतील.

पंखा, कूलर आणि मे महिना

आखाजी येते ऐन उन्हाळ्यात. भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या आसपास असताना पंखा बंद करून गायला सांगणं हा छळच आहे, पण कूलर चालू ठेवून केलेलं रेकॉर्डिंग वाचवता येत नाही. कूलरच्या आवाजात पाण्याचा पंप, मोटर आणि वारा तिन्ही असतात, आणि तो खालपासून वरपर्यंत सगळ्या सुरांत पसरलेला असतो. 80 हर्ट्झखालचं कापणारा लो-कट फिल्टर लावला तर फक्त तळाची घरघर जाते, बाकी सगळं राहतं.

व्यवहार्य मार्ग म्हणजे खोली आधी गार करून घ्यायची, मग कूलर बंद करून एक अंतरा, पुन्हा दहा मिनिटं गारवा, मग दुसरा. वेळ रात्री अकरानंतरची किंवा पहाटेची बरी. घर पत्र्याचं असेल तर दुपार टाळाच. तापलेले पत्रे तडतडतात आणि संध्याकाळी निवतानाही आवाज करतात. कानबाईची गाणी पावसाळ्यात करताना त्याच पत्र्यावर पाऊस वाजतो, त्याला इलाज नाही, थांबायचं.

गाणं सुरू करण्याआधी पाच-दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन वापरताना हाच तुकडा नमुना म्हणून द्यावा लागतो. मात्र हात आखडता ठेवा. 6 ते 8 डेसिबलच्या वर गेलात की गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं. थोडी खरखर राहिलेली चालते, ढोलकी आली की ती झाकली जाते.

माइकच्या टोकात गाऊ नका

जाड, गोल कंडेन्सर माइकमध्ये बरेच जण वरच्या टोकातून गातात, स्टेजवरच्या माइकची सवय म्हणून. यातले बहुतेक माइक बाजूने ऐकतात. ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह आहे ती बाजू तोंडाकडे हवी. एवढ्या एका चुकीने आवाज लांबचा आणि बोदा येतो, आणि माणूस माइक परत पाठवायला निघतो.

अंतर एक वीत. त्याहून जवळ गेलात तर खालचे सूर फुगतात, लांब गेलात तर खोली ऐकू येते. आपल्या भाषेत प, फ, ब, भ यांना तोटा नाही आणि ‘भाऊ’ म्हटलं की वाऱ्याचा झोत सरळ माइकवर जातो. भरतकामाच्या रिंगमध्ये पातळ नायलॉनचा मोजा ताणून बसवला की तो झोत अडवणारा पॉप फिल्टर तयार. माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता जरा तिरका ठेवला तरी निम्मं काम होतं.

कंडेन्सर घ्यावा की डायनॅमिक? माझं मत स्पष्ट आहे. शेजारी पिठाची गिरणी असेल, गल्लीत पोरं खेळत असतील किंवा रेल्वेचा हॉर्न ऐकू येत असेल, तर साधा डायनॅमिक माइक घ्या. तो जवळचंच ऐकतो. कंडेन्सर सगळं ऐकतो, शेजारणीची भांडीसुद्धा.

कंडेन्सर आधीच घेतला असेल तर त्याला बहुधा 48 व्होल्ट फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या तारेतूनच जाणारी वीज लागते, ती ऑडिओ इंटरफेसवरच्या (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवरच्या) बटणाने मिळते. स्वस्त किटमधली तार सरळ लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घालून माइक चालतोय असं वाटतं खरं, पण तिथून त्याला नीट वीज मिळत नाही. आवाज बारीक येतो, मग तो सॉफ्टवेअरमध्ये वाढवला की सोबत खरखरही वाढते. इथे मात्र पैसे खर्च करावेच लागतात, आणि ते दुसऱ्या माइकवर न करता साध्या दोन चॅनलच्या इंटरफेसवर करावेत.

आवाज फाटतो

गेन (माइकचा आवाज आत घेताना किती वाढवायचा ते) लावताना “हॅलो, चेक, चेक” म्हणू नका. हॅलो हळू म्हटलं जातं आणि गाण्यातला तार सप्तकातला आलाप त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ पूर्ण ताकदीने गा आणि मीटर उणे 12 ते उणे 10 डेसिबलच्या आसपास थांबेल असा गेन इंटरफेसवर ठेवा. शून्याला टेकलं की लाटेचं टोक कापलं जातं, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. सॉफ्टवेअरमधला फेडर खाली ओढूनही उपयोग होत नाही, कारण तो रेकॉर्ड होऊन गेलेल्या आवाजाचा आहे. रेकॉर्डिंग 24 बिटवर ठेवा, म्हणजे लेव्हल कमी असली तरी नंतर वाढवता येते.

संबळ, ढोल यांना खोलीत आणू नका. गच्चीवर किंवा अंगणात, माइक पाच-सहा फूट लांब, वारा नसलेली वेळ. बंद खोलीतला संबळ कोणत्याच सेटिंगने सुधारत नाही.

मागे सतत ‘घूं’ येतं

ही आपल्या विजेची 50 हर्ट्झची घरघर. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घूं गेली तर दोष अर्थिंगचा आहे. जुन्या घरांत तीन भोकांचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच जोडलेली नसते. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेणं हा खरा उपाय. तोवर रेकॉर्डिंग बॅटरीवर करा, तसंही लाइट मध्येच गेली तर टेक वाया जात नाही. लॅपटॉप, स्पीकर, कीबोर्ड सगळं एकाच बोर्डावरून घ्या. चार्जर काढूनही ‘घर्र’ राहिलं तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पूर्ण बंद करा आणि माइकची तार विजेच्या तारांपासून दूर न्या.

गायलेलं उशिरा ऐकू येतं

ब्लूटूथ हेडफोन लावला असेल तर पुढचं वाचायचं कारण नाही, तो काढा आणि तारेचा लावा. ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला लागणारा वेळ तालात गाण्यासाठी फारच जास्त असतो.

तारेचा असूनही उशीर होत असेल तर बफर बघा, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो ते. 44.1 किलोहर्ट्झवर (सेकंदाला 44,100 नमुने) 1024 चा बफर म्हणजे एका बाजूला 23 मिलिसेकंद, जाऊन येऊन त्याच्या दुप्पट. 128 वर तोच 3 मिलिसेकंदांवर येतो. रेकॉर्डिंगला बफर लहान ठेवा, मिक्सिंगला मोठा. लहान बफरवर लॅपटॉप दमला की ‘टिक-टिक’, ‘कर्र’ असे आवाज येतात. मे महिन्यात तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो, तेव्हा हे जास्त होतं. तो गादीवर ठेवू नका, खालून हवा लागू द्या, वायफाय आणि ब्राउझर बंद करा.

विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा आसिओ (ASIO) ड्रायव्हर टाका, त्याने उशीर कमी होतो. ऑडॅसिटीच्या नेहमीच्या डाउनलोडमध्ये परवान्याच्या कारणामुळे बरीच वर्षं आसिओ नव्हता, त्यामुळे एकावर एक ट्रॅक रचायचे असतील तर रीपरसारखं सॉफ्टवेअर सोयीचं पडतं.

आपलाच आवाज दोनदा ऐकू येत असेल तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज लॅपटॉपमधून न फिरवता थेट हेडफोनला देणारी सोय) आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग दोन्ही चालू आहेत. सॉफ्टवेअरचं बंद करा.

पटकन सुटणारी दुखणी

आवाज एकाच कानात येतो? एका माइकसाठी स्टिरिओ ट्रॅक उघडलाय, मोनो घ्या. आवाज लांबून आल्यासारखा? माइकच्या जाळीवर हलकं नख ओढा. मीटर हललं नाही, तर लॅपटॉपचा आतला माइक रेकॉर्ड करतोय, इनपुट बदला. काहीच येत नाही? विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बघा.

गाणं अचानक वरच्या पट्टीत आणि जलद वाजलं तर सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने तो आकडा) जुळलेला नाही. 44.1 ची फाइल 48 ने वाजली की जवळजवळ अर्ध्या-अर्ध्या सुरांच्या दीड पायऱ्या वर जाते. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्येच कुठेतरी लटकतं. व्हिडिओसाठी काम असेल तर सुरुवातीपासून सगळं 48 वर ठेवा.

पेटी आणि कीबोर्डचं भांडण

याकडे फार कमी लोक लक्ष देतात. घरची जुनी पेटी आणि कीबोर्डचा ट्रॅक एकत्र वाजवला की काहीतरी खुपतं, आणि दोष गायकाला मिळतो. पेटीचे सूर बहुतेकदा 440 हर्ट्झच्या मापाला बरोबर बसत नाहीत. मोबाइलमधल्या ट्यूनर ॲपने पेटी किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढी किंवा उतरी आहे ते बघा आणि कीबोर्डचं ट्यूनिंग तेवढं सरकवा. पेटी सरकत नाही, कीबोर्ड सरकतो. ढोलकी नंतर, त्याच पट्टीला लावून.

ढोलकीवाल्याला क्लिकवर (हेडफोनमधल्या ठरावीक लयीच्या टिक-टिकवर) वाजवायचा आग्रह धरायचा का? सगळे एकत्र बसून वाजवणार असतील तर नको, गाण्याचा जीव जातो. नंतर एकेक वाद्य वाढवायचं असेल तर क्लिक लागेलच, पण हेडफोन कान पूर्ण झाकणारा हवा. नाहीतर टिक-टिक माइकमध्ये उतरते आणि शांत जागी स्पष्ट ऐकू येते.

शेवटची फाइल

मूळ रेकॉर्डिंग वेव्हमध्ये ठेवा, एमपी3 फक्त पाठवायला. यूट्यूब फार मोठी केलेली गाणी स्वतःहून खाली आणतं, साधारण उणे 14 लफ्सच्या (LUFS, गाणं एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपास, त्यामुळे लिमिटरने (आवाजाची उंच टोकं दाबणाऱ्या प्लगइनने) दाबून गाणं मोठं करण्यात काही हाती लागत नाही, फक्त ढोलकीचा ठोका मरतो. हळदीला डीजेवर वाजणार असेल तर मिक्स एकदा मोनो करून ऐका. बऱ्याच डीजे सिस्टिम दोन्ही बाजू एकत्र करूनच वाजवतात, आणि आवाज रुंद करणारं प्लगइन वापरलं असेल तर तिथे गायकच गायब होतो.